अमरावतीच्या अंगणातली ओहोटी

पौषातलं सकाळचं ऊन आमच्या अंगणात उतरतं ते पश्चिमेकडच्या भिंतीच्या माथ्यापासून. आधी सगळ्यात वरची वीट तांबूस होते, मग तिच्याखालची, आणि मग ती सोनेरी कड पाहणाऱ्याला चाहूलही न लागू देता विटेविटेनं खाली उतरत राहते. त्या कडेवर कुमुदचा उजवा तळहात टेकलेला असतो. बोटं उन्हात, मनगट सावलीत. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, मांडीवर आंबिया बहाराचं शेवटचं संत्रं सोलायचं राहून गेलेलं. ऊन खाली सरकलं की हातही तेवढाच खाली सरकतो. दिवाळीत तिचा एक गुडघा बदलला, दुसऱ्याचा नंबर अजून लागायचा आहे; तेव्हापासून तिची सकाळ अशी खुर्चीत जाते. मी चहा घेऊन आलो की डोळे न उघडताच सांगते, "आज वरची ओळ लवकर तापली." मी म्हणतो, "अगं, भिंत आहे ती, खडक नाही." त्यावर ती कप घेते आणि दुसरा हात भिंतीवर तसाच ठेवते.

कुमुद माझी बायको. अमरावतीच्या एका महाविद्यालयात तिनं उभी हयात प्राणिशास्त्र शिकवलं, मी दुसऱ्या एका महाविद्यालयात संस्कृत. ती शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांतली, मी हिवरखेडच्या काळ्या मातीतला. आम्हा दोघांच्या घराण्यांत समुद्र पाहिलेला पूर्वज शोधून सापडायचा नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाला आणि नळ, तोही मर्जी असेल तेव्हा. अशा मुलखात जन्मलेल्या बाईनं, खडकाळ समुद्रकिनाऱ्यावर कुठला शंख किती उंचीवर राहतो, या एकाच प्रश्नाला आयुष्य वाहावं, याला मी पूर्वसंचित म्हणतो. माझे काका वेगळं म्हणायचे. नवी नवरी म्हणून ती घरात आली आणि तिच्या अभ्यासाचा विषय निघाला, तेव्हा ओसरीवर तंबाखू मळता मळता त्यांनी विचारलं होतं, "काहून वो सूनबाई, आपल्या वावरातल्या गोगलगाई सरल्या काय?" डोक्यावरचा पदर न हलवता कुमुद म्हणाली, "सरल्या नाही काकाजी, पण त्यायले पाहाले तुमी आहा ना." आईच्या हातातली परात पडायची तेवढी राहिली. काका मात्र त्या दिवसापासून तिच्यावर खूश.

समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो शिकत असताना, अभ्याससहलीत, कोकणातल्या एका काळ्या कातळाच्या किनाऱ्यावर. बरोबरीच्या मुली लाटांत पाय बुडवून किंचाळत होत्या आणि ही समुद्राकडे पाठ करून खडकापाशी उकिडवी बसलेली. पाणी ओसरलेलं, कातळ उघडा पडलेला, आणि त्यावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत कोणी दोरी धरून आखावेत तसे पट्टे. सगळ्यात वर, जिथं केवळ तुषार पोचतात, तिथं ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगाई भेगाभेगांत दाटून बसलेल्या. त्यांच्या खाली चिंचोक्यांसारखे काळे, तुकतुकीत शंख. मग कातळाला घट्ट बिलगलेले टोपीच्या आकाराचे शिंपले. मग धारदार कालवांचा पट्टा, अनवाणी पायातून रक्त काढणारा. आणि अगदी तळाशी, हिवाळ्यातल्या मोजक्याच मोठ्या ओहोट्यांना उघड्या पडणाऱ्या दगडांच्या पोटाखाली, जिवंत कवड्या. एकाची वस्ती संपते तिथं दुसऱ्याची सुरू होते. "यायले हद्द कोनं आखून देल्ली?" हा प्रश्न तिला त्या दिवशी पडला तो पडलाच.

त्याचं उत्तर ती विद्यार्थ्यांना वर्गात देत नसे. दर हिवाळ्यात सहलीआधी ती सगळ्यांना हिवरखेडला आमच्या मळ्यावर आणायची. तिथं पायऱ्यांची जुनी विहीर आहे. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक प्राणी देऊन ती म्हणायची, ज्याचं घर ज्या पायरीवर, त्यानं तिथं जाऊन बसायचं. मग जागेवरून भांडणं, ढकलाढकली, हसणं, त्या गोल भिंतींतून घुमत राहणारे आवाज. वरच्या पायरीवर उन्हात बसलेली एखादी मुलगी कुरकुरायची, "मॅडम, मले बी खाली येऊ द्या ना, चटके बसून राहिले." कुमुद म्हणे, "ये की. पण खाली कोण बसलंय ते पाहून ये." खाली दुसऱ्यांच्या कवचाला भोक पाडून आतला जीव खाणारा शंख बसलेला असे, आणि ज्याला ती भूमिका मिळे तो शेजाऱ्यांना चिमटे काढून नुसता हैदोस घाली. त्या गलक्यावर आवाज चढवून, वर्गातली प्रमाण मराठी बाजूला ठेवून, ती आपला सिद्धांत सांगायची, "वर ऊन मारते, खाली शेजारी मारतात. मंधात जे जागा भेटते थे आपली." मी काठावर बसून ओला हरभरा सोलत असे. मला माझं व्याकरण असं पायऱ्यांवर कधी बसवता आलं नाही, याची असूया वाटायची. अभिमानही वाटायचा.

किनाऱ्यावरची कुमुद मी पुष्कळदा पाहिली आहे. ती वेगळीच बाई असते. खांद्यावर बैलाचा कासरा, ठरावीक अंतरांवर गाठी मारलेला. हातात संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांची चौकोनी चौकट, माहेरून भावानं ठोकून दिलेली. कासरा कातळाच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत सोडायचा, गाठीगाठीशी चौकट ठेवायची आणि तिच्या आत कोण कोण राहतं ते पाहायचं. वर्षानुवर्षं तोच कातळ, तीच रेघ. कुठल्याही शंखाला स्पर्श करण्याआधी ती अंगठा समुद्राच्या पाण्यात भिजवून घेई. कोरड्या हाताला ते दचकतात, असं तिचं म्हणणं. खाऱ्या वाऱ्यानं तिचे केस विस्कटत, चष्म्यावर तुषारांची बारीक मीठझाक चढे, आणि ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटत त्या ओल्या काळ्या शिळांवरून अशा सहजपणे वावरे की शेंदूरजन्याच्या बागेत ही कधी वाढली होती हे मीही विसरून जाई. त्या टोप्यांवर तिचा विशेष जीव. भरतीच्या पाण्यात टोपी शेवाळ चरायला निघते आणि पाणी ओसरायच्या आत नेमकी आपल्याच जागी परतते. तिच्या कवचाची कड त्या एका जागेच्या उंचसखलाला अशी जुळलेली असते की इतरत्र ती घट्ट बसायचीच नाही. हे ऐकून मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "म्हणजे माहेरी गेलेली तू." ती म्हणाली, "मी काही आपणहून नाही परतत. तुमचे फोन सुरू होतात म्हणून येते." खरंच आहे ते. तिच्यावाचून मला करमत नाही, हे इथं उघड लिहून टाकायला मला लाज वाटत नाही.

वय वाढलं तशी त्या कातळावरची तिची स्वतःची जागाही वर सरकत गेली. आधी कालवांच्या पट्ट्याशी थांबून ती मुलांना पुढे पाठवू लागली, मग टोप्यांपाशी, आणि निवृत्तीनंतर थेट माथ्यावर, ज्वारीच्या, म्हणजे त्या दाण्याएवढ्या गोगलगाईंच्या, शेजारी, घडीच्या खुर्चीत. तळाची चौकट मात्र ती स्वतःच ठेवायला जायची. कोणाचा तरी हात धरून, बसत, सरपटत, माझ्या जिवाला घोर लावत. त्याला कारण होतं. गेल्या काही हिवाळ्यांपासून वरचे पट्टे खाली उतरत चाललेत, असा तिला संशय होता. खडक पूर्वीपेक्षा अधिक तापतो म्हणून चिंचोके खाली येतात, टोप्या खाली येतात. अकोल्यात उन्हाळ्यात माणसं माडी सोडून खालच्या खोलीत अंथरुणं टाकतात तसंच. प्रश्न होता तळाच्या कवड्यांचा. "त्यायनं कुठं जावं? खाली तर दुसऱ्यायचं राज्य," ती म्हणायची. एका हिवाळ्यालाही तिची ती रेघ तुटलेली नव्हती. एक वर्ष चुकलं तर कवड्या कधी नाहीशा झाल्या हे कायमचं कळेनासं होणार, आणि एकदा हातातून सुटलेली रेघ पुन्हा कोण उचलणार? यंदा डॉक्टरांनी बजावलं, सपाट फरशीखेरीज कुठंही पाय ठेवायचा नाही. दवाखान्यातून परतताना ऑटोत ती एक अक्षर बोलली नाही. कुमुद ओरडली तर मला काही वाटत नाही. ती गप्प बसली की माझा धीर सुटतो.

तेव्हा आफरीन आली. ती कुमुदची विद्यार्थिनी, चांदूर बाजारच्या फळांच्या व्यापाऱ्याची लेक. एके वर्षी आमच्या विहिरीत ती कवडी होऊन तळाच्या पायरीवर बसली होती आणि वरून कोणी हाक मारली तरी हलायला तयार नव्हती. आता ती स्वतः प्राणिशास्त्र शिकवते. म्हणाली, "मॅडम, यंदा मी जाते." कुमुदनं लगेच होकार दिला नाही. शिकवायला तिला सगळं जग चालत असे, पण तो कातळ तिचा होता, आणि तिथं आपल्यावाचून कोणी चौकट ठेवणार ही कल्पना तिच्या घशाखाली उतरत नव्हती. संध्याकाळभर घरात भांडी जरा जोरातच वाजली. मग तिनं मला माळ्यावरून कासरा काढायला सांगितलं, आणि मी समजलो. आफरीनचे वडील, सलीमभाई, लेकीसोबत निघाले. त्यांनीही समुद्र कधी पाहिला नव्हता. मोठा दिलदार माणूस. उन्हाळ्यात त्यांच्या दुकानापुढे माठ भरलेले असतात, आणि तहानलेला माणूस तसाच पुढे गेला तर त्यांना अन्न गोड लागत नाही.

पौर्णिमा उलटून गेली आणि मोठ्या ओहोटीची ती सकाळ आली. कुमुदनं ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. मी काही विचारलं नाही. फोन अंगणातल्या स्टुलावर, स्पीकर चालू. आधी नुसता वारा ऐकू आला, मग पलीकडून तो खोल, सतत मागे ओढला जाणारा घोष, आणि आमच्या त्या चार भिंतींत, कडुनिंबाच्या वाळक्या पानांवर, वाळत घातलेल्या मुगवड्यांवर समुद्र पसरला. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी डोकावून पाहिलं. आफरीनचा आवाज आला, "मॅडम, माथ्यावर पोचले. ज्वारी आहे, भरपूर आहे." कुमुदनं डोळे मिटले. ती आता अंगणात नव्हती.

दोन चौकटी ठीक झाल्या, आणि मग पलीकडे काहीतरी गडबड ऐकू आली. आफरीन कोणावर तरी वैतागली होती. "अब्बा, ये क्या किया तुमने!" कुमुद खुर्चीत ताठ झाली. "काय झालं गं?" आफरीनला हसू आणि रडू एकदमच येत असावं. "मॅडम, मी मोजून राहिली होती, आन् अब्बानं चौकटीवर अख्खी बाटली रिकामी केली. प्यायच्या पाण्याची!" लगेच सलीमभाईंचा घाबरा आवाज, "आवो मॅडम, बिचारे कोरडे पडून राहिले हो उन्हात. तोंडं मिटून. मले पाहवलं नाही." गोड पाणी पडल्याबरोबर ज्वारीचे ते दाणे जागचे हलले होते, काही भेगेतून सुटून घरंगळले होते, मोजदाद पहिल्यापासून करावी लागणार होती. कुमुदचा पारा चढताना मी आयुष्यभर पाहिला आहे, तेव्हा मी मागे सरकून उभा राहिलो. पण तिच्या ओठांचा कोपरा हलला. "सलीमभाई, ते मेले नाहीत. पावसाळाभर ते अंगावर पाणीच झेलतात. पण आता तुम्ही बाटलीला बूच लावा आणि हात मागं बांधून बसा." "जी मॅडम," असं नम्र उत्तर आलं. वऱ्हाडी माणूस समुद्राकाठी जाऊनही पाणी पाजल्यावाचून राहणार नाही, हे ती नंतर दिवसभर स्वतःशीच बोलत होती.

वेळ मात्र गेला होता. "पुन्हा मोजू काय?" आफरीननं विचारलं. कुमुद म्हणाली, "राहू दे. माथा उद्याही उघडा पडेल, तळ पडेलच असं नाही. पाणी फिरायच्या आत खाली जा." मग ती तिला वाट सांगू लागली, डोळे मिटूनच. मोठ्या शिळेला डावीकडून वळसा घाल. कालवांवर हात टेकू नको. आता शिळेच्या पोटाशी आडवी फट लागेल, तिच्यात उजवा पाय रोव, पाठ कातळाला लाव आणि बसती हो. बोलताना तिच्या उजव्या पायाची बोटं फरशीवर आधार चाचपत होती; शस्त्रक्रिया झालेला तो पाय, ज्याला व्यायामासाठी उचल म्हणून मी रोज विनवण्या करतो, तो आपोआप वळत होता, उचलला जात होता. मी तिचा खांदा धरला. तिला ते कळलंही नाही.

पलीकडून दगडावर पाय घासल्याचा आवाज आला. मग आफरीन म्हणाली, "मॅडम, फट नाहीये."

"असंल. नीट पाह्य. वरतून दिसत नाही थे, वाकून पाह्य."

"वाकून पाहिलं. इथला तुकडाच गेलाय, मॅडम. ताजा फुटलेला दिसतो. पावसाळ्यात गेला असंल."

कुमुदनं डोळे उघडले. समोर भिंत होती, दोरीवर माझा पंचा वाळत होता. आयुष्यभर जिच्यात पाय रोवून ती तळाला उतरली होती ती फट जगात कुठंच उरली नव्हती, तिच्या एकटीच्या पायाला तेवढी ठाऊक होती. तिचा चेहरा क्षणभर असा उघडा पडला की मला दुसरीकडे पाहावं लागलं. मला भीती वाटली की ती आता म्हणेल, परत ये. आणि परत ये म्हणणं शहाणपणाचंही होतं. पोरीचा पाय घसरला असता तर त्या बापाला आम्ही काय तोंड दाखवणार होतो? कुमुदनं पातळाच्या पदरानं चष्मा पुसला. मग फोनकडे झुकून ती म्हणाली, "आफरीन, मंग मी सांगतो थे सोड. तुले जशी वाट दिसते तशी उतर. नसंल दिसत तर उतरू नको. मी काही म्हननार नाही."

आफरीन "हो" म्हणाली, आणि तेवढ्यात फोन तुटला. समुद्र अंगणातून एकाएकी निघून गेला. मी पुन्हा पुन्हा लावून पाहिला, रेंज नव्हती. नकळत माझ्या ओठांवर लहानपणचं स्तोत्र आलं, तर कुमुद म्हणाली, "गप बसा हो जरा." म्हणून मनातल्या मनात म्हणत राहिलो. भाजीवाली हाक देऊन गेली, कोणी दार उघडलं नाही. कुमुदनं मांडीवरचं संत्रं सोललं, एकेक फोड वेगळी केली, शिरा काढल्या आणि न खाता तशीच ताटलीत मांडून ठेवली.

मग फोन वाजला. आफरीनला धाप लागली होती. "उतरले, मॅडम. तळाला चौकट ठेवली. दगड उचलून पाहिले." ती दम घ्यायला थांबली, तशी मीच ओरडलो, "आहेत का?" आफरीन म्हणाली, "आहेत, सर. मागच्या वर्षापेक्षा कमी आहेत, मॅडम, बऱ्याच कमी. पण आहेत. एक तर कवचाच्या पाठीवरनं आपल्याच मऊ अंगाची झूल पांघरून चालून राहिली होती." कुमुदनं विचारलं, "दगड होते तसेच ठेवलेस?" "होते तसेच." "सलीमभाई?" "हात मागं बांधूनच बसले आहेत, मॅडम." आणि कुमुद हसली, मोठ्यानं, पोटापासून, गुडघा बदलल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

"कुठून उतरलीस?" तिनं मग हळूच विचारलं. आफरीन सांगू लागली. शिळेच्या उजव्या अंगानं, डावीकडून नाही. तिथं गुडघाभर पाण्याचा एक डोह आहे, त्याच्या कडेनं. मग तिरक्या तासलेल्या दगडावर बसून, दोन्ही हात मागे टेकवून, खाली. "थांब," कुमुद म्हणाली. "डोहाच्या कुठल्या कडेनं?" आफरीननं सांगितलं. "पुन्हा सांग. पहिल्यापासून." आणि आफरीन सांगत गेली, कुमुद प्रत्येक टप्पा तिच्या मागोमाग उच्चारत गेली, परीक्षेच्या आदल्या दिवशी एखाद्या मुलीनं पाठ करावं तसं, कुठं अडखळली तर मागे जाऊन, पुन्हा नव्यानं. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. जिथं आपण यापुढे कधीच असणार नाही तिथली वाट माणूस इतक्या जिवापाड पाठ करतं, तेव्हा काळानं त्याच्याकडून नेमकं काय काढून घेतलेलं असतं, हे मला अजून सांगता येत नाही.